अंदाजपंचे दाहोदरसे

आमच्या मालवणच्या घरी न्हाणीघरात दोन पोर्तुगीज राहायचे. एक कोपऱ्यात गप्प उभा, दुसरा पहाटेपासून धुमसत. पहिला पिंप, दुसरा बंब. शेकडो वर्षं आपल्यात राहून दोघं इतके आपले झालेत की आता त्यांना कोणी मूळ गाव विचारत नाही. मलाही कॉलेजात जाईपर्यंत पत्ता नव्हता. मग कळलं की पोर्तुगीज भाषेत 'पिपा' म्हणजे पाणी नाहीतर दारू भरायचं लाकडी पीप, आणि 'बोंबा' म्हणजे पंप.

त्या काळच्या जहाजावर या दोघांची जागा आमच्या न्हाणीघरातल्यापेक्षा बरीच मानाची होती. लाकडी जहाज कितीही नीट बांधा, फळ्यांच्या फटींत काथ्या ठोका, वरून डांबर फासा, ते गळतंच. तळाशी पाणी साचतं, ते पंपाने उपसत राहायचं, दिवसरात्र, पाळीपाळीने. आणि पिंपातलं पाणी संपलं की चहूबाजूंनी पाणी असूनही घसा कोरडा. पिंप भरलेलं आहे तोवर माणसं जगतात, बंब चालतो आहे तोवर जहाज जगतं. हे दोन्ही ठीक असलं की मग तिसरा प्रश्न यायचा: आपण आहोत कुठे?

शाळेच्या पुस्तकातला वास्को द गामा आठवतो. दाढी, टोपी, नजर पार क्षितिजापलीकडे. अशा तोऱ्यात उभा राहिलेला माणूस बघितला की वाटतं, याला सगळं ठाऊक असणार. प्रत्यक्षात ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून चार जहाजं घेऊन निघालेल्या त्या सुमारे १७० माणसांपैकी एकालाही, जमीन दिसेनाशी झाल्यावर, या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देता आलं नसतं. 'असू इथे कुठेतरी' एवढंच. आपल्याकडे अशा कामाला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात आणि ते करणाऱ्याला हिशेबाच्या वहीला हात लावू देत नाहीत. या मंडळींनी त्याच अंदाजपंचेची वही घातली, तिला रेघा आखल्या आणि तिच्या भरवशावर समुद्र ओलांडले. मला त्या वहीचं फार अप्रूप वाटतं. मी पुण्यात कोथरूडहून हडपसरला जातानाही फोनमधल्या निळ्या ठिपक्याकडे दर सिग्नलला बघणारी बाई आहे.

गामाच्या सफरीतला सगळ्यांत धाडसी भाग कालिकतला पोहोचणं हा नव्हेच, असं माझं मत. तो भाग आधीच होऊन गेला होता आणि तो बघायला तिथे मासे सोडून कोणी नव्हतं. ३ ऑगस्टला त्यांनी केप व्हर्द बेटांतलं सांतियागो सोडलं. आफ्रिकेच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला जावं, तर तिथे वारा नाकावर येतो. दहा वर्षांपूर्वी बार्तोलोमेव दियशची जहाजं त्याच वाऱ्याशी झटत खाली गेली होती, आणि दियशबरोबर गेलेला पेरू द आलेंकेर हा वाटाड्या या वेळी गामाबरोबर होता. त्यांनी उलटंच केलं. जायचं आग्नेयेला, तर तोंड केलं नैर्ऋत्येला. अटलांटिकच्या पोटात, ब्राझीलच्या दिशेने भलामोठा वळसा घेतला, आणि पार खाली पश्चिमी वारे लागल्यावर त्यांच्यावर बसून पूर्वेला वळले. भूगोलाच्या पेपरात व्यापारी वाऱ्यांचे आणि पश्चिमी वाऱ्यांचे बाण काढून मी पाच मार्क मिळवलेत, ते बाण हेच. फरक एवढाच की त्या बाणांवर आपलं पोट बांधून ९३ दिवस कोणी मला सोडलं नव्हतं. ४ नोव्हेंबरला जमीन दिसली. कोलंबसाला कॅनरी बेटं सोडल्यापासून ३६ दिवस लागले होते आणि तेवढ्यातही त्याची माणसं कुरकुरायला लागली होती.

तीन महिने पाण्यावर. रोज संध्याकाळी नकाशावर एक टिंब. ते टिंब कसं काढायचे?

दिशा, वेग, वेळ. एवढंच. पाचवीतलं गणित आहे: अमुक वेगाने अमुक तास गेलं तर किती अंतर. दिशा होकायंत्र सांगणार. वेळ सांगणार वाळूचं घड्याळ, अर्ध्या तासाचं. आपली घटका चोवीस मिनिटांची, त्यांची तीस. ते घड्याळ उलटं करायचं काम जहाजावरच्या पोरांचं. घड्याळ उलटलं की घंटा. आठ घंटा झाल्या की चार तासांचा पहारा संपला, दुसरी तुकडी वर, ही खाली झोपायला. आता रात्री तीन वाजता, थंडीत, डोळ्यांवर झोप असताना, वाळू पूर्ण पडायच्या आधीच घड्याळ हळूच उलटवायचा मोह कोणाला होणार नाही? फ्रेंच खलाशांकडे या चोरीला शब्दच होता, 'वाळू खाणं'. आमच्याकडच्या खाड्यांतली वाळू खाणारे वेगळे. या वाळू खाण्याने पहारा पाच मिनिटं लवकर संपायचा आणि जहाज तेवढं नकाशावर खोटं पुढे सरकायचं.

लिहितावाचता न येणाऱ्या खलाशांसाठी पुढच्या काळात एक फळी निघाली. तिच्यावर होकायंत्राच्या ३२ दिशा कोरलेल्या आणि प्रत्येक दिशेच्या रेषेवर मध्यापासून बाहेर आठ भोकं. सुकाणूवाल्याने दर अर्ध्या तासाला, ज्या दिशेला जहाज गेलं त्या रेषेवरच्या पुढच्या भोकात खुंटी खोचायची. खाली वेगासाठी वेगळ्या भोकांच्या ओळी. चार तासांनी वाटाड्या यायचा, खुंट्या वाचायचा, वहीत उतरवायचा, खुंट्या काढून फळी कोरी. आपल्या सोंगट्यांच्या पटासारखी दिसते ती. माझी आजी दुधाच्या हिशेबासाठी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायची, महिना संपला की पुसायची. तिला ही फळी एका मिनिटात समजली असती.

उरला वेग. गामाच्या वेळी तो डोळ्यांनीच ठरवायचे. फेसाकडे बघायचं, जहाजाच्या कडेला आपटून जाणाऱ्या पाण्याकडे बघायचं आणि म्हणायचं, 'पाच असेल'. अनुभवी माणसाचा डोळा, बस्स. १५७४ मध्ये विल्यम बोर्न या इंग्रजाने एका साधनाचं वर्णन छापलं. त्याचं पुढचं रूप असं: लाकडाचा पाव वर्तुळाचा तुकडा. त्याच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे तो पाण्यात उभा राहतो. त्याला लांब दोरी, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. लाकूड मागून पाण्यात सोडायचं. ते तिथेच थांबतं, जहाज पुढे जातं, दोरी हातातून सुटत राहते. छोटं वाळूचं घड्याळ संपेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या, ते मोजायचं. पुढे माप पक्कं झालं: २८ सेकंदांचं घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ. जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये सांगतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. नॉट म्हणजे गाठ, हेही ठाऊक होतं. दोन्ही एकत्र कधी आलं नव्हतं.

ते एकत्र आल्यावर मात्र चैन पडेना. मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा भाच्याला पटवलं. तो आठवीत आहे, म्हणजे उत्साह आहे आणि सुट्टीत वेळही. घरात एक मोडका पोळपाट होता. त्याचे चार तुकडे केले: चार पाव वर्तुळं, आयतीच. वहिनीने 'तो मी टाकणारच होते' म्हणून परवानगी दिली. जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं गोल कडेला खिळ्यांनी बसवली, तीन टोकांना भोकं पाडून तीन दोऱ्या, त्या एका ठिकाणी बांधल्या. आमची दोरी जेमतेम पन्नास मीटर, म्हणून माप निम्मं केलं: १४ सेकंद, आणि सात मीटर वीस सेंटिमीटरला एक गाठ. गाठीत जुन्या ओढणीच्या चिंध्या अडकवल्या, हाताला चटकन लागाव्यात म्हणून.

देवबागहून एका ओळखीच्या तांडेलाची होडी घेतली. कर्लीच्या मुखातून बाहेर पडताना पहिला तुकडा पाण्यात सोडला आणि तो माझ्या कच्च्या गाठीतून सुटून गेला तो गेलाच. तांडेल मागे बसून शांतपणे बघत होता.

"ताई, ती दोरी कित्याक टाकतास? मासो गावाचो नाय तिका."

दुसऱ्या तुकड्याला गाठ त्यानेच मारून दिली. या वेळी लाकूड उभं राहिलं. दोरी सुटायला लागली. सुरुवातीचे काही मीटर मोजायचे नसतात, होडीच्या फेसातून लाकूड बाहेर पडेपर्यंत. मग सुरुवातीच्या खुणेची चिंधी तळव्यातून गेली आणि मी ओरडले. भाच्याने फोनवर सेकंद मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, तळवा गरम झाला, पाच, आणि तो ओरडला, "थांब आत्या!" सहावी चिंधी अजून होडीतच होती. पाच नॉट. शेकडो वर्षांपूर्वीचं ज्ञान पोळपाटावर सिद्ध झालं म्हणून मी खूश.

भाच्याने फोनवरचा वेग वाचला. ताशी साडेसात किलोमीटर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. भागाकार केला, तर चार.

पुन्हा केलं. पुन्हा पाच आणि चार. मी दोरीला दोष दिला, त्याने माझ्या मोजण्याला. तांडेल म्हणाला, "भरती आसा मगे." पाणी आत येत होतं आणि आम्ही बाहेर जात होतो. पोळपाट पाण्याला विचारून वेग सांगत होता, फोन जमिनीला विचारून. पाणीच जर उलटं चाललं असेल, तर त्यात थांबलेलं लाकूडही त्याच्याबरोबर उलटं जाणार. दोरी खोटं बोलत नव्हती, तिला एवढंच माहीत होतं.

एका नॉटची चूक. होडीत ती हसण्यावारी गेली. पण जहाज चोवीस तास चालतं: दिवसाला चोवीस सागरी मैल, दहा दिवसांत दोनशे चाळीस, म्हणजे जवळजवळ ४४५ किलोमीटर. मालवण आलं म्हणून नांगर टाकायला जावं तर समोर डहाणू. त्यात जहाज आडव्या वाऱ्याने बाजूला सरकतं ती चूक वेगळी, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी कलते ती वेगळी आणि वाळू खाल्लेली वेगळी. रोजचं टिंब आदल्या दिवशीच्या टिंबावरून काढायचं, म्हणजे कालची चूक आजच्या पोटात. चुका एकमेकींना कधी खोडतात, कधी चक्रवाढ लागते.

म्हणून मधूनमधून वर बघावं लागायचं.

ध्रुवतारा जितके अंश क्षितिजाच्या वर, तितका आपला अक्षांश. मालवण सोळा अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे आमच्या बंदरावरून ध्रुव दीड मूठ वर. लिस्बनहून जवळपास चार मुठी. दक्षिणेला निघालेल्या पोर्तुगीज खलाशाला ध्रुव रोज थोडा खाली उतरताना दिसायचा आणि विषुववृत्त ओलांडलं की तो पाण्यात बुडालेला. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतल्या त्या हट्टी पोराला अढळपद मिळालं, पण १५०० च्या सुमाराला तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश लांब होता आणि रात्रभर त्याच्याभोवती एक छोटी प्रदक्षिणा घालायचा. खलाशांना हे पक्कं ठाऊक होतं. शेजारचे दोन तारे कुठे आहेत ते बघून किती अंश मिळवायचे नि किती वजा करायचे, याची घोकंपट्टीच असायची. पुराणातलं अढळपद आणि वहीतली दुरुस्ती, दोन्ही एकाच ताऱ्याची.

ध्रुव बुडाल्यावर सूर्य. भर दुपारी सूर्य किती उंच आहे ते मोजायचं. पण सूर्य रोज वेगळ्या उंचीवर येतो, म्हणून तारखेनुसार कोष्टक हवं. ती कोष्टकं अब्राहम झाकुतो या ज्यू विद्वानाची. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा तो पोर्तुगालमध्ये आला, १४९६ मध्ये त्याची कोष्टकं लैरिया गावी छापली गेली. लगोलग पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली आणि त्याला तिथूनही निघावं लागलं. जहाजं मात्र त्याच्या आकड्यांवर चालत राहिली.

मोजायचं साधन ॲस्ट्रोलेब. गामाच्या १५०२ च्या दुसऱ्या सफरीतलं एक जहाज १५०३ मध्ये ओमानच्या किनाऱ्याशी बुडालं. २०१४ मध्ये त्याच्या अवशेषांत धातूची एक चकती सापडली. व्यास साडेसतरा सेंटिमीटर, वजन ३४४ ग्रॅम, जाडी दोन मिलिमीटरहूनही कमी. पोह्याची बशी म्हणा. अशी चकती वरच्या कडीतून अंगठ्यावर लोंबकळत धरायची, मधला काटा फिरवायचा, त्याच्या दोन भोकांतून सूर्याचा कवडसा आरपार पडला की काट्याचं टोक किती अंशांवर आहे ते वाचायचं. हे सगळं डुलणाऱ्या जहाजावर, वाऱ्यात. एका अंशाची चूक म्हणजे १११ किलोमीटर. त्यामुळे ते ९३ दिवस संपवून सेंट हेलेना उपसागरात नांगर पडला, तेव्हा गामाच्या माणसांनी आधी किनाऱ्यावर उतरून, न हलणाऱ्या जमिनीवर, लाकडाचा मोठा ॲस्ट्रोलेब उभा करून सूर्य मोजला.

आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मालिंदीला जो वाटाड्या त्यांना मिळाला, त्याला हे पितळ आणि लाकूड बघून फारसं कौतुक वाटलं नाही म्हणतात. तो गुजराती होता असं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. अरबी समुद्रातल्या नाखव्यांकडे 'कमाल' असायचा: लाकडाची एक छोटी आयताकार फळी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर ठेवायची. वरच्या कडेला ध्रुव टेकला की समजायचं, त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आलो. आता किनारा येईपर्यंत सरळ पूर्वेला. खिशात मावतं, बुडालं तर दुसरं करता येतं. २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडलं, १८ मे ला मलबारचे डोंगर दिसले. चोवीस दिवस.

परतीला तोच समुद्र ओलांडायला ८९ दिवस लागले.

निघाले आमच्याच बाजूने. अंजदीव नावाचं बेट आहे, कारवारच्या समोर, सरकारदरबारी मात्र गोव्याच्या काणकोण तालुक्यातलं. आता नौदलाच्या ताब्यात. तिथे त्यांनी जहाज कलतं करून बुडाची डागडुजी केली, पिंपं भरली आणि ५ ऑक्टोबरला शिडं सोडली. ती तारीख वाचली की कोकणातला माणूस कपाळाला हात लावतो. ऑक्टोबरची सुरुवात! नैर्ऋत्येचा वारा थकून गेलेला, ईशान्येचा अजून धड उठलेला नाही, समुद्र तेलासारखा. महिनाभर थांबले असते तर वारा पाठीवर आला असता. कालिकतच्या राजाशी बिनसलेलं, मागून कोणी येईल ही धास्ती, थांबण्याची मनःस्थिती नसणार. पण त्या वाऱ्याचं पंचांग त्यांच्याकडे नव्हतं हेही खरंच. होकायंत्र, वाळूचं घड्याळ, कोष्टकं सगळं होतं. जाताना वाटाड्याच्या डोक्यात जे होतं ते येताना जहाजावर नव्हतं.

त्या सफरीत कोणीतरी ठेवलेली रोजनिशी उरली आहे. हा भाग तिच्यात थोडक्यातच आहे. हिरड्या सुजून दातांवर चढतात, खाता येत नाही, पाय सुजतात, माणूस मरतो. या एका पल्ल्यात तीस माणसं गेली. शेवटी प्रत्येक जहाजावर धड उभी राहू शकतील अशी सात-आठ माणसं उरली होती. २ जानेवारी १४९९ ला आफ्रिका दिसली. मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांनी संत्री मागितली, ती आणवली. काहींना उशीर झाला होता. पुढे 'साव राफाएल' हे जहाज त्यांनी स्वतःच जाळलं, कारण तीन जहाजं चालवायला हातच नव्हते. संत्र्या-लिंबांनी हा रोग, स्कर्व्ही, बरा होतो हे जेम्स लिंडने १७४७ मध्ये बारा खलाशांवर प्रयोग करून दाखवलं आणि ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस द्यायला १७९५ उजाडावं लागलं. जहाजापेक्षा कचेऱ्या हळू चालतात.

वारा नसला की हे पांढरे हत्ती किती अगतिक होत, ते आपल्या किनाऱ्याने पुढे बघितलं. चौकोनी शिडांची मोठी जहाजं पाठीवरच्या वाऱ्यात सुरेख धावतात, वाऱ्याच्या तोंडावर मात्र फार चढत नाहीत. वाऱ्याच्या रोखापासून सदुसष्ट-अडुसष्ट अंशांपेक्षा जवळ त्यांना जाता यायचं नाही. एक मैल वाऱ्यावर चढायचं तर नागमोडी अडीच मैलांहून जास्त कापायचं, वर घसरण सोसायची ती वेगळी. वारा पडला तर जागच्या जागी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला हे बरोबर कळलं होतं. वल्ह्यांवर चालणारी गलबतं तोफांच्या मोठ्या गुराबांना ओढत न्यायची, इंग्रजी जहाजाच्या पिछाडीला, जिथे तोफा सर्वांत कमी, आणि तिथून मारा. युरोपीय जहाज वळून तोंड द्यायला वारा शोधत बसायचं.

रेखांशाबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, ती सुताराची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण अक्षांश आकाशातून मिळायचा आणि पूर्व-पश्चिम मात्र त्या खुंट्यांच्या फळीवरच अडकलेलं, हे २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडला महागात पडलं. घरी परतणारा ॲडमिरल शोवेलचा ताफा हिशेब चुकून सिली बेटांच्या खडकांवर चढला, चार जहाजं आणि चौदाशेहून अधिक माणसं गेली. १७१४ मध्ये वीस हजार पौंडांचं बक्षीस लागलं. जॉन हॅरिसन या सुताराने आयुष्य घालवून असं घड्याळ केलं की जे जहाजावरही बंदराची वेळ धरून ठेवतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेव्हा इथली दुपार आणि तिथली दुपार यांतला फरक म्हणजेच रेखांश. मुंबईची जुनी वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. माझे आजोबा 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' असा हिशेब सांगायचे तेव्हा ते रेखांश सांगत होते, हे मला आत्ता कळतंय. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, तिच्या कामांपैकी एक हेच होतं: बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ देणं.

यापेक्षा मला शिशाचा गोळा आवडतो. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत अडाणी साधन. दोरीला शिशाचं लांबट वजन, तळाशी खळगा, त्या खळग्यात गुरांची चरबी भरलेली. खाली सोडायचं. दोरीवर कातड्याच्या पट्ट्या आणि रंगीत कापडं, अंधारात हाताने ओळखता यावीत अशी वेगवेगळी, त्यांवरून खोली कळायची. वर ओढलं की चरबीला तळ चिकटून आलेला: पांढरी वाळू, फुटके शिंपले, निळसर चिखल. जुन्या वाटाड्यांच्या वह्यांत कुठल्या ठिकाणी किती खोल पाण्याखाली कसला तळ आहे, हे लिहिलेलं असायचं. धुक्यात काही दिसत नसताना बोटांनी चरबी चाचपून ठरवायचं की इंग्लिश खाडीच्या तोंडाशी आलो की नाही. आकाशाने नाही सांगितलं तर पायाखालच्या चिखलाला विचारायचं. आणि ती खोली मोजायचं इंग्रजी माप, सहा फुटांचं, म्हणजे पसरलेल्या दोन हातांतलं अंतर. आपला वाव. एका बोटाचाही फरक नाही.

त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा ओहोटी लागली होती. कर्लीच्या मुखाशी वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. त्यांतल्या एकाला पर्यटकांनी त्सुनामी आयलंड नाव दिलंय. भाच्याच्या फोनवर आमचा ठिपका निळ्याशार पाण्यात होता आणि आजूबाजूला सगळं निळंच. तांडेलाने इंजिन अगदी हळू केलं.

"झिला, नाळेर जा नि काठी घाल."

भाचा पुढे नाळेवर जाऊन बसला आणि बांबू पाण्यात घातला. तो जेमतेम कमरेएवढा आत गेला.

"कमरेएवढं!"

"वाव किती ता सांग."

त्याला सांगता येईना. तांडेलच म्हणाला, "अर्धो. हयसर गेल्या वर्सा दोन वाव पाणी होता. आता रेव इली." त्याने होडी डावीकडे घेतली. फोनवरचा ठिपका वळला, निळ्यातून निळ्यात.

भाच्याने काठी मांडीवर घेतली, दोन्ही हात पसरले आणि मला म्हणाला, "आत्या, माझा वाव पाच फुटांचा आहे. यांचा पावणेसहा तरी असेल. मग धरायचा कोणाचा?"

"जेची होडी, तेचो," तांडेल मागून म्हणाला. "काठी घाल."